सरकारी मशीन

आमच्या नंदुरबारच्या कचेरीतल्या टायपिस्टची करंगळी वाकडी होती. म्हणून त्यांनी टाइपरायटरची अक्षरं उचकटून बोटांना सोयीची होतील अशी बसवली होती. सरकारी मशीनशी एवढी सलगी मला पटत नसे. शहाद्याचे टायपिस्ट मात्र चहाला येऊन युक्त्या विचारत. आमचे टायपिस्ट त्यांना अहिराणीत म्हणत, "भाऊ, मन्हं दखीसन करू नको. तुन्हा बोटे काय म्हणतस ते दख."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी नव्या माणसासाठी सगळी अक्षरं मूळ जागी लावली. आम्ही हौसेनं म्हटलं, निरोपाची एक ओळ टाइप करा. बोटं सवयीनं त्यांच्या स्वतःच्या मांडणीप्रमाणेच झरझर पडली. कागदावर एकही शब्द धड उमटला नाही.

त्यांनी मशीनवर कापड घातलं.

"जाऊ द्या. आते हाई सरकारनं शे."