पापडाची पाळी आणि लेफ्ट जॉईन

पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात लिहिलंय, 'समजा, तुम्ही एका महाविद्यालयाचे प्राचार्य आहात.' मी सातवी शिकलेला. मूळ धुळ्याचा; तिथेच कापसाच्या जिनिंगमध्ये हेल्पर लागलो, जळगावात फिटर म्हणून रिटायर होऊन घरी बसलो. प्राचार्य समजायला माझं काही जात नाही, पण प्राचार्याने पुढे करायचं काय, तर विद्यार्थ्यांचा तक्ता करायचा आणि त्यातून नापास किती ते काढायचं. शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या धड्यातच नापास मोजायला बसवतो, तो लेखक कुठल्यातरी कॉलेजात मास्तरच असणार. प्रस्तावनेत त्याने बायकोचे आभार मानलेत, लिहिताना वेळेवर चहा दिला म्हणून. एवढं जाड पुस्तक लिहिलं तेव्हा कुठे चहाबद्दल दोन शब्द बोलायला जागा सापडली बिचाऱ्याला.

पुस्तक माझ्या मुलीचं. लग्नाआधी ती कम्प्युटरच्या क्लासला जायची, तेव्हा घेतलेलं. 'सोप्या मराठीत डेटाबेस' असं वर लिहिलंय आणि आत पानोपानी 'संबंधात्मक विदासंच' वगैरे. हे सोपं, तर अवघड काय असेल ते देव जाणे. मुलगी धुळ्याला नांदायला गेली, पुस्तक आणि जुना कम्प्युटर इथेच राहिला. बायको त्याच्यावर कापड झाकून ठेवायची. ती दिवाळीनंतर गेली. कापड मी काढलं ते फाल्गुनात, आणि ज्ञान मिळवायला मुळीच नाही. पापडासाठी काढलं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे पापड सावडीनं होतात. आज सगळ्या बाया तुझ्याकडे लाटायला बसतील, उद्या माझ्याकडे. ज्या घरची बाई दुसऱ्यांकडे लाटायला जाते, त्याच घरी बाकीच्या येतात. कोणाची पाळी कधी, कोण कोणाशेजारी बसत नाही, कोणाच्या घरी सोयर आहे, हे सगळं माझ्या बायकोच्या डोक्यात असायचं. ती बोलायची आणि गल्ली ऐकायची. मी तिचा नवरा, मी सोडून सगळे ऐकायचे.

यंदा ती नाही म्हटल्यावर बायांनी जो घोळ घातला तो बघण्यासारखा होता. एकाच दिवशी दोन घरी डाळ दळून आली आणि दोघी दारात उभ्या राहून एकमेकींना ऐकू जाईल असं भिंतीशी बोलत होत्या. या दोघी म्हणजे मोठी पहूरवाली आणि धाकटी पहूरवाली. सख्ख्या जावा, दोघींचं माहेर एकच. आमच्याकडे सुनेला नावाने कोण हाक मारतं? माहेरच्या गावानेच ओळखायचं. नशिराबादवाली, धुळेवाली. माझी बायको बोदवडवाली.

मग एक दिवस मोठी पहूरवाली माझ्या ओट्यावर आली. डोक्यावरचा पदर नीट केला, म्हणजे काहीतरी वाईट बोलणार हे मी ओळखलं.

"आबा, यंदा तुमच्याकडे कायले बसाचं? तुमाले एकट्याले किती पापड लागतीन? घरोघरचे थोडे थोडे आमी देऊ ना धाडून."

"भीक घालता का मला?"

"भीक काय त्यात? बाई नाई घरात, तर पाळी कशी लावाची?"

चांगुलपणाने बोलली, हेच जास्त वाईट. पापड मला नकोतच. पापड दुकानात ढिगाने पडलेत, आणि माझे दात उरलेत किती? पण बाई मेली म्हणून घर गल्लीतून उठत नाही. दर उन्हाळ्याला आमच्या पुढच्या खोलीत सगळ्या बसायच्या, लाटण्यांचा आवाज, हसणं, एकमेकींच्या सासवांचा उद्धार. मी बाहेर बसून त्यांना शिव्या द्यायचो, की केवढा कलकलाट. तो कलकलाट यंदा झालाच पाहिजे, माझ्याच घरात, हे मी त्याच क्षणी ठरवलं. आता ठरवायला बायको असती तर तिनेच ठरवलं असतं.

मी मोठीला म्हटलं, "पाळी मी लावतो. कम्प्युटरवर. छापील कागद देतो, मग कोणी भांडायचं नाही."

छापील कागदाला आपली माणसं देवासारखं मानतात. कागदावर माझं घर आलं, की ते पाळीत आलं. एवढाच माझा हिशोब.

मुलीला फोन केला. ती हसली. "आबा, शिकेल पोऱ्यास्ले जमत नही ते. तुम्हले जमाव नही."

"तू फक्त सांग, चालू कसा करू."

"आनि आई व्हती तवय तुम्ही त्याले हातबी लावा नही," म्हणाली, आणि मग कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. फोनवर बोलायला पैसे पडत नाहीत आता, त्यामुळे तीन-तीनदा सांगितलं.

इंग्रजी अक्षरं मला येतात. मशिनीवरच्या पाट्या वाचून आलेली. पुस्तकात बघून एकेक बटण शोधायचं आणि दाबायचं. ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकायचा विसरलो, तर कम्प्युटर काहीच बोलायचा नाही, नुसता बघत बसायचा. सरकारी ऑफिसातला बाबू असाच बसतो, अर्जावर तिकीट नसलं की. पुस्तक म्हणतं, 'अर्धविराम ही नवशिक्यांची सर्वसामान्य चूक आहे.' मग पुढच्या उदाहरणात लेखकाने स्वतःच तो टाकलेला नाही. मी आख्खी दुपार ते उदाहरण जसंच्या तसं लिहीत बसलो होतो.

दोन तक्ते केले. एकात घरं, नंबरासकट. दुसऱ्यात बाया, कोणती बाई कोणत्या घरची. पुस्तक म्हणतं, प्रत्येक ओळीला एक किल्ली हवी, जिच्यावरून ती ओळखता येईल आणि जी दुसऱ्या कोणाची नसेल. मी म्हटलं, आमच्याकडे ती आधीच आहे, माहेर. टाकत गेलो. पहूर टाकलं. दुसऱ्यांदा पहूर टाकलं तर कम्प्युटर म्हणतो, हे आधीच आहे, घेणार नाही. धाकटीला हे कळलं असतं तर तिने दगड घालून तो डबा फोडला असता. पुस्तकाचा सल्ला काय, तर प्रत्येकीला क्रमांक द्या. बायांना नंबर? त्या काय बैलबाजारात न्यायच्यात, शिंगावर रंगवून? मी मोठी पहूर आणि धाकटी पहूर असं लिहिलं. गल्लीने हा प्रश्न या दोघी लग्न होऊन आल्या त्याच दिवशी सोडवला होता. पण तो कम्प्युटरला विचारून नव्हे.

नादात मी बोदवडही टाकलं. आमच्या घराचा नंबर, पुढे बोदवड. टाकून झाल्यावर लक्षात आलं. मेलेल्या बाईला पाळी लावायची नसते, एवढी अक्कल मला आहे. मग पुसायचा धडा काढला. लेखक तिथे फार घाबरवतो. डिलीट लिहाल तर पुढे कोणती ओळ ते नीट लिहा, नाहीतर आख्खा तक्ता जाईल. म्हणजे बाकीच्या सगळ्या बायाही. मी नीट लिहिलं. अर्धविराम टाकला. कम्प्युटरने उत्तर दिलं ते इंग्रजीत, आणि पुस्तकात त्याचं मराठी केलंय, 'एक ओळ प्रभावित झाली'. प्रभावित! कोणी भाषण ठोकलं होतं की काय? मी उठलो, ओट्यावर जाऊन बसलो, आणि त्या लेखकाला इतक्या शिव्या दिल्या, की धाकटी पहूरवाली विचारायला आली, आबा, कोणाशी भांडून राह्यले?

पुढचा धडा दोन तक्ते जोडण्याचा, जॉईनचा. घराचा नंबर इकडे, घराचा नंबर तिकडे, जुळतील तिथे दोन्ही शेजारी येतात. घरांच्या क्रमाने लावा म्हटलं की क्रमाने लागतात. हे मात्र झटकन झालं. मी इतका खूश झालो की नीट वाचलंही नाही. पेनड्राइव्ह घेऊन हायवेवरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो, कागद छापून आणला आणि मोठीच्या हातात दिला.

ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. बाजूला दोन-तीन बाया जमल्या. मोठी थांबली. पुन्हा वरून वाचलं.

"आबा, तुमचंच घर नाई यात."

मी कागद ओढून घेतला. खरंच नव्हतं. आख्खी गल्ली होती, माझं घर तेवढं नव्हतं.

नशिराबादवाली तोंडाला पदर लावून म्हणाली, "पाहा, कम्प्युटरलेबी कळलं."

हसल्या. मग कोणीतरी तिला कोपरानं ढोसलं आणि हसणं बंद झालं. हसत राहिल्या असत्या तर बरं होतं.

घरी येऊन पुस्तक भिंतीवर मारलं. पान फाटलं नाही, बांधणी चांगली आहे, एवढंच त्या पुस्तकाचं चांगलं. मग उचलून पुन्हा तोच धडा काढला, आणि या वेळेस सगळा वाचला. कारण सरळ होतं. साध्या जॉईनला दोन्हीकडे जोडी लागते. घर आहे पण त्या घरची बाई दुसऱ्या तक्त्यात नाही, म्हणजे ते घरही धरायचं नाही. म्हणजे मोठी पहूरवाली जे म्हणत होती तेच हा डबा म्हणत होता, फरक एवढाच की ती तोंडावर म्हणाली. तरी धड्याच्या शेवटी, बारीक अक्षरात, दुसरा एक प्रकार दिलाय. लेफ्ट जॉईन. डावीकडचा तक्ता आख्खा घ्यायचा, उजवीकडे जोडी सापडो न सापडो. जोडी नसेल तिथे 'नल' येतं.

नल म्हणजे शून्य नव्हे, असं लेखक तीनदा बजावतो. नल म्हणजे रिकामंही नव्हे. नल म्हणजे 'मूल्य ज्ञात नाही'. न कळायला काय झालं? आम्ही सगळे स्मशानापर्यंत गेलो होतो. आणखी म्हणतो, एक नल दुसऱ्या नलाच्या बरोबरीचं नसतं. गल्लीच्या टोकाला आणखी एक विधुर राहतो, सुना पुढ्यात ताट आणून ठेवतात, गाल वर आलेत त्याचे. तेवढं मात्र पुस्तकाचं पटलं.

नवा कागद छापला. सगळ्यात शेवटी माझं घर, पुढे नल. मोठीकडे नेला.

"हे काय? नळ? तुमच्याकडे नळ आला का आबा? आमच्याकडे चार दिवसांत थेंब नाई!"

"नळ नाही, नल. म्हणजे माणूस नाही."

"मंग लाटाले कोन येईन तुमच्याकडून?"

"मी."

हे मी कधी ठरवलं होतं? नव्हतंच ठरवलं. तोंडातून निघून गेलं. कागदावर घर आणलं, पण घरामागे हात नाही तर कागदाला कोण विचारतं, हे त्या बाईच्या एका प्रश्नात कळलं. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. तिच्या तोंडावर कीव नव्हती, हिशोब होता, म्हणून मी उभा राहिलो.

"लाटाचं तुमाले जमनार नाई. कुटाचं काम जमून जाईन. उडदाचं पीठ कुटून कुटून आमचे खांदे जाते."

"जमेल."

"मंग इथं तसं लिहू. नल नका ठेवू." मग हळूच हसली. "माहेर काय लिहू तुमचं?"

"धुळे," मी म्हटलं.

"धुळेवाली तर हाये एक."

"मग धुळेवाला लिहा."

त्यावर ज्या हसल्या त्या अजून हसताहेत. होळी झाली आणि मी पहिल्या घरी गेलो, तेव्हा दारातूनच ओरडल्या, "आली वं, धुळेवाली आली!" सत्तरी ओलांडलेल्या माणसाला. मी मुसळ घेतलं आणि तेल लावलेल्या गोळ्यावर घातलं. जिनिंगमध्ये घण मारलेला हात, पाट दुभंगला असता.

"आबा, पीठ हाये ते, इंजन नाई!"

त्यांच्या बोलण्याला काही अंत नाही. मी कुटतोय हे विसरून जातात आणि कोणाचा नवरा कसा, हे सांगायला लागतात. मग कोणाला तरी आठवतं आणि सगळ्या एकदम डाळीच्या भावावर येतात. एवढ्या मूर्ख बाया एका ठिकाणी मी जिनिंगमध्येही पाहिल्या नाहीत. घरोघर गेलो. संध्याकाळी खांदा वर होत नव्हता. मलमाची नळी मला सापडेना.

शेवटी माझ्या घरचा दिवस आला. मी सकाळीच सतरंज्या अंथरून ठेवल्या होत्या. मोठीने आल्या आल्या त्या उचलल्या आणि दुसऱ्या बाजूला टाकल्या. "उनात बसाडता का आमाले?" दोघी जावा दोन टोकांना बसल्या. तेलाची वाटी कुठे, लाट्या कापायचा दोरा कुठे, पापड वाळत घालायचं जुनं पातळ कुठे, मला एकीनेही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, डबे उघडले, हवं ते काढून आणलं. कुठे काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा ठाऊक. मी दारात उभा, तर धाकटी म्हणते, "मधात उभे राहू नका, आबा."

पीठ मी भिजवलं होतं, मुलीला फोनवर विचारून. मोठीने गोळा हातात घेतला, बोटाने दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"ढिलं केलं हो आबा. बोदवडवाली असती तर हे पीठ आमच्यापुढं येऊ दिलं नसतं तिनं."

सगळ्यांची लाटणी थांबली. माझ्याकडे कोणी बघेना.

"नसतंच येऊ दिलं," मी म्हटलं. "फेकलं असतं माझ्या तोंडावर. द्या इकडे."

तिने थोडं कोरडं पीठ वर टाकून गोळा माझ्याकडे सरकवला. मी कुटायला लागलो. थोड्या वेळाने एकीचं लाटणं सुरू झालं, मग दुसरीचं, आणि मग नशिराबादवालीने सासूचा विषय काढला. मी तिला गप्प बस म्हटलं, पण कोणी ऐकलं नाही.