खालचं बटण

थंडीच्या दिवसांत श्रीरामपुरात सकाळ होते ती साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास घेऊनच, आणि यंदा त्या वासात आमच्या घरापुरता तिळाच्या तेलाचा वास मिसळला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन माझा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून माझी पत्नी सुशीला रोज त्याला तेल चोळी. मग माझा अंगठा आणि तर्जनी आपल्या बोटांत धरून शर्टाची बटणं गळ्यापासून खालपर्यंत माझ्याच हाताने लावून घेई. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी डाव्या हाताला बंदी घातली होती. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस मी, आणि मला स्वतःचं बटण लावता येत नव्हतं.

एकदा हट्टाने खडू हातात घेतला, तर कापडावर रेघ अशी वेडीवाकडी गेली, की समोरचं गिऱ्हाईक अवघडून भिंतीकडे बघू लागलं. तेव्हापासून मी मनाशी पळवाट काढली: हात चालत नाही तोवर मी आजारी, चालू लागला की वाईट शिंपी. म्हणूनच बोटांत पुन्हा पकड येऊ लागल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. सुशीलाच्या हातात ती मुद्दाम सैल सोडत राहिलो. तिने मात्र नाताळसाठी घेतलेलं ब्लाउजपीस कपाटात राखून ठेवलं होतं. "तुमचा हात आला की तुमीच शिवा, लई घाई न्हाई," म्हणायची, आणि चोळून चोळून सुजलेल्या स्वतःच्या मनगटाला फडकं बांधून पुन्हा माझ्या बोटांशी झटायची.

त्या रविवारी बटणं तशीच ठेवून ती घाईने चर्चला गेली. कोवळं ऊन मांडीवर आलं होतं. मी शिंप्याच्या सवयीने खालून सुरुवात केली, म्हणजे पट्टी खालीवर होत नाही. एक लागलं, दुसरं लागलं. गळ्याचं सोडून सगळी लागली. डोळे भरून आले. तेवढ्यात फाटक वाजलं, आणि मी चोरासारखा ती बटणं वरून भराभर काढू लागलो.

ती तेलाची वाटी घेऊन समोर बसली. तिची नजर शर्टाच्या टोकाशी थांबली. खालचं एक बटण काढायचं राहून गेलं होतं.

"खालून लावायची सवय तुमचीच," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "कवापासून येतोय हात?"

मी ते बटण तळव्याखाली झाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मनगट चोळत उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी पुन्हा खालून वर बटणं लावली. गळ्याशी येऊन अडलो. बोटं घसरली, पुन्हा घसरली. हे एक बटण खरोखरच लागत नव्हतं. आत चहाचं आधण उकळत होतं, ती चार पावलांवर होती, आणि तिला हाक मारायचं तोंड मला उरलं नव्हतं.