शेवटच्या वाफ्यावरची हाक

निघाले त्या संध्याकाळी आमच्या टेम्पोत मागे मेथीच्या जुड्या होत्या आणि पुढे माझे वडील बापू, मी आणि माझी बॅग. आधी मार्केटला माल उतरवायचा, मग मला मुंबईच्या बसमध्ये बसवायचं, असं ठरलं होतं. विमान चुकेल या भीतीनं मी रस्ताभर गप्प. तशी मी एरवीही गप्पच. बस आली तेव्हा बापू एवढंच म्हणाले, "तिकडं तोंड उघडत जा, बाई. नाय तर लोकांना वाटंल, नाशिकवाल्यांनी मुकी पोरगी धाडली."

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरात मी शिकायला आले आणि तिथल्या महिला फुटबॉल क्लबनं मला एका सीझनपुरतं घेतलं. मिडफिल्डर म्हणून. पोरगी इंग्लिश मीडियमची, हिचं काय अडणार, असं घरी सगळ्यांना वाटत होतं. पण शाळेतसुद्धा उत्तर येत असूनही माझा हात वर जायचा नाही, हे घरी कुणाला माहीत नव्हतं.

मिडफिल्डमध्ये गप्प राहून चालत नाही. कोण मोकळं आहे, चेंडू कुठे वळवायचा, हे ओरडून सांगावं लागतं. कोचनं एकदा बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "तुझ्या खेळात खोट नाही. पण तुझा आवाज ऐकू आला नाही, तर पुढच्या सीझनला तुला ठेवता येणार नाही." त्या आठवड्यात फोनवर मी फक्त थंडीबद्दल बोलले. आईनं काय ओळखलं कोण जाणे. "जेवलीस ना?" तिनं विचारलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

पुढच्या मॅचला आमच्या पोरी डावीकडे नुसत्या दाटल्या होत्या. चेंडू कॅप्टन क्लेअरच्या पायात अडकलेला, आणि उजवीकडे मी एकटी, मोकळी. डावीकडचा वाफा भरलाय, एवढंच मला दिसलं. तोंडातून आपोआप निघालं, "आलं!"

मळ्यात पाणी भरताना मी वाफ्याच्या टोकाला उभी असायचे आणि बापू फावडं घेऊन पाटावर. पाणी टोकाला पोचलं की मी "आलं!" म्हणून ओरडायचे आणि ते पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे. हाकेला उशीर झाला की बांध फुटलाच. शाळेत न निघणारा माझा आवाज तिथे शेजारच्या मळ्यापर्यंत जायचा.

क्लेअरला शब्द कळला नाही, पण मान वळली. चेंडू माझ्याकडे आला. गोल झाला नाही, तरी कोच बाकावरून उठून उभी राहिली. नंतर ड्रेसिंग रूममध्ये क्लेअर म्हणाली, "काय ओरडलीस ग? शिवी होती ना? मला शिकव."

मी शिकवलं. आता सगळी टीम तेच ओरडते, फक्त प्रत्येकीचा 'ल' वेगळा. क्लबनं मला पुढच्या सीझनलाही ठेवलंय.

परवा घरी एका मॅचचा व्हिडिओ पाठवला. आई सांगत होती, बापू दुपारचे खाटेवर झोपले होते. फोनमधून गोऱ्या पोरींचं "आलं! आलं!" ऐकलं आणि उठून चपला शोधायला लागले.

इथे हाक मारली की मान वळते, मला खूप आहे तेवढं. पण त्या हाकेला झोपेतून उठून चपला शोधणारा माणूस नाशिकजवळ, आमच्या मखमलाबादच्या मळ्यात आहे. घर म्हणजे मला आता तो माणूस वाटतो.