भासऱ्यांची कायमची जागली

भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा, फोन आला तेव्हा मी माहेरी, मुकुटबनला, भाकरी खात बसले होते. "कुसुम गेली," एवढंच म्हणाले. कुसुमताई म्हणजे माझी मोठी जाऊ, त्यांची बायको. सकाळी अंगण झाडता झाडता छातीत कळ आली आणि... संपलं. मला आधी रडू नाही, राग आला. हिचं पोर सगळ्यात आधी मीच हातात घेणार, असं गावभर सांगत फिरलेली बाई अशी जातेच कशी? आता महिना होऊन गेला. तरी तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी हसूच येतं, त्याला मी काय करू.

लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा गर्भ पिशवीत न जाता नळीतच अडकला. नळी फुटली, यवतमाळला तातडीने ऑपरेशन झालं आणि ती काढून टाकावी लागली. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात अशी बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? हळदीकुंकवाला बायका माझ्याकडे बघायच्या, जसं काही माझं सगळंच कापून टाकलंय. मला मूल हवं होतं, वेड्यासारखं हवं होतं, आणि ते आता होणार नाही या धास्तीने मी खंगत चालले होते. ताईने मात्र डॉक्टरीणबाईंचं एकच वाक्य पकडून ठेवलं... अंडं कधी या बाजूला तयार होतं, कधी त्या. झालं! तिने आपल्या मनानेच ठरवून टाकलं, एक महिना नळीचा, एक महिना बिननळीचा.

पीक उभं असलं की आमच्याकडे रानडुकरांपायी घरातला एक पुरुष रात्री शेतात राखणीला जातो, जागलीला. दोघा भावांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. ताईने त्या मोडून नव्या लावल्या. नळीच्या महिन्यात भासऱ्यांनी मचाणावर झोपायचं आणि आमच्या ह्यांनी घरी, बिननळीच्या महिन्यात उलट. मी लाजेने अर्धी झाले. भासऱ्यांनी कारण विचारलं नाही, कारण विचारलं तर ती चारचौघांत सांगेल, हा त्यांना धाक.

पुढच्या तपासणीत तिने ही व्यवस्था डॉक्टरीणबाईंना मोठ्या दिमाखात सांगितली. बाई पोट धरून हसल्या. अंडं असं पाळीपाळीने येत नसतं, म्हणाल्या, आणि नळी नसलेल्या बाजूचं अंडंसुद्धा कधीकधी दुसरी नळी उचलून घेते. परतीच्या जीपमध्ये ताई हळहळत राहिली, निम्मे महिने फुकट घालवले म्हणून. घरी पोचल्या पोचल्या तिने भासऱ्यांचं अंथरूण-पांघरूण कायमचं शेतात पाठवलं.

यंदा कपाशीला बोंडं धरत होती तेव्हा मला दिवस गेले. पण आनंद करायची सोय नव्हती, गर्भ पुन्हा नळीत तर नाही ना, हे आधी बघायचं होतं. सोनोग्राफीच्या वेळी ताईने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. गर्भ पिशवीतच होता, अगदी जागच्या जागी! वर बाई म्हणाल्या, अंडं नळी नसलेल्या बाजूचं दिसतंय. ताई ताडकन उभी राहिली.

"पाह्य वो, इकडचीनं तिकडचं काम केलं. आता काहून रडून राह्यली तू?"

रडत तीही होती. त्या दिवशी जीपमधल्या परक्या माणसांनाही तिने पेढे दिले, आणि नळीची सगळी कथा ऐकवली. मी पदरात तोंड लपवून हसत होते.

परवा संध्याकाळी आमचे हे काठी आणि बॅटरी घेऊन जागलीला निघाले. दादा खचलाय, आता आपणच जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ओट्यावर बसलेले भासरे उठले आणि त्यांनी ह्यांच्या हातातली काठी काढून घेतली.

"तू घरी राह्य," ते म्हणाले. "पाळी तिनं लावली हाय. तिले इचारल्याबिगर कशी बदलू?"

आणि बॅटरी लावून शेताच्या वाटेला लागले.