शेपटीत जोड असलेला नऊ

"ही वॉज अवर बॉल बॉय," दादा म्हणाले.

शुक्रवारची दुपार. दोह्यातल्या बिन महमूद भागात दादांचा सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये पुण्या-मुंबईची, नाशिकची पाच-सहा कुटुंबं. सगळे इंजिनियर, त्यांच्या बायका, इंग्रजीत उत्तरं देणारी पोरं. मधल्या सोफ्यावर पाहुणा, जोसेफ. पश्चिम आफ्रिकेतला, त्याच्या देशाकडून वर्ल्ड कप खेळलेला स्ट्रायकर, आता निवृत्त. आणि दाराशी मी, दादांच्या कंपनीचा ड्रायव्हर, दोन्ही हातांनी जोसेफची कोल्हापुरातली जुनी लाल जर्सी, दादांनी जपून ठेवलेली, उघडून धरून. जर्सीवर जोसेफची सही घ्यायची, मग ती काचेत बसवून भिंतीवर लावायची. धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला खालून गाडीतून बोलावलं होतं.

सगळे माझ्याकडं बघून हसले. कौतुकानंच हसले. एक बाई म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्हीसुद्धा फुटबॉलमधलेच की." मीपण हसलो. दादांसमोर हसायची मला वीस वर्षांची सवय.

मग मी जर्सीकडं नीट बघितलं. पाठीवर पांढरा नऊ. नऊच्या शेपटीत एक जोड होता. कापड संपलं म्हणून दुसरा तुकडा लावलेला, आडवा, बोटभर. तो जोड माझ्या आईनं घातला होता.

मी बॉल बॉय नव्हतो. मी नऊ नंबर होतो.

कोल्हापुरात दादांच्या पेठेची तालीम, तालमीची फुटबॉल टीम, आणि टीम दादांच्या वडिलांची. आमची वस्ती नाल्यापलीकडं. बाप महापालिकेत झाडूवाला. जात सांगावी लागत नव्हती, आडनाव पुरेसं होतं. पेठेबाहेरचं पोरगं टीममध्ये घ्यायचे नाहीत. मला घेतलं, कारण मी गोल मारायचो. दोन सीझन मी सेंटर फॉरवर्ड होतो. जर्सी तालमीनं दिली, नंबर ज्याचा त्यानं शिवून घ्यायचा होता. आईनं बापाचा लग्नातला पांढरा सदरा फाडला आणि त्यातून नऊ कापला. शेपटीला कापड पुरलं नाही.

मॅच जिंकली की अख्खी टीम दादांच्या घरी जेवायला जायची. पंगत आतल्या सोप्यात बसायची. माझं ताट अंगणात, दादांच्या बुलेटशेजारी. पहिल्या दिवशी दादाच म्हणाले, "तू हितं बस की, वारं चांगलं लागतंय." मी बसलो. वारं खरंच चांगलं होतं. दोन वर्षं मी स्वतःला तेच सांगत जेवलो.

तिसऱ्या वर्षी जोसेफ आला. एकोणीस वर्षांचा, कोल्हापुरात सीझनपुरता आणलेला. दादांनी मला मैदानातच बोलावलं. म्हणाले, "नऊ नंबर त्याला पाहिजे." मी जर्सी काढून पुढं केली. दादांनी हात लावला नाही. टीमच्या पोराला म्हणाले, "नंबर तेवढा उसवून घे. जर्सी ऱ्हाऊ दे त्याची त्याला."

पोरानं ब्लेडनं टाके कापले. आईचा नऊ जोसेफच्या नव्या जर्सीवर गेला. माझी जर्सी उन्हानं विटली होती, पण नऊ होता तिथलं कापड तसंच गडद राहिलं होतं. मी घरी गेलो तेव्हा पाठीवर गडद लाल नऊ दिसत होता. आईनं बघितलं आणि पाणी तापवायला उठली.

त्या संध्याकाळी जोसेफला फेटा बांधला. सोप्यात पाटावर बसवलं. दादांच्या आईनं स्वतःच्या हातानं तांबडा रस्सा वाढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तसं सगळं घर हसलं, त्यांनी पदरानं त्याचं तोंड पुसलं. मी खिडकीतून बघत होतो. नंबर गेला म्हणून जळलो नाही तेवढा मी त्या पदरावर जळलो. पोरगं कुठलं, धर्म कुठला, आणि तो आत! माझा बाप त्या घराची गटार काढायचा, आणि मी बाहेर.

खोटं बोलत नाही. पुढं मी बेंचवर बसून काय केलं तेही सांगतो. जोसेफकडं बॉल गेला की मी ओरडायचो, "काळ्या, पड." आधी मी एकटाच. मग मागून स्टँडनं ते उचललं. मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या मागून काहीतरी म्हणत होते.

एका सीझननंतर तो गेला. आधी कलकत्ता, मग युरोपात दुसऱ्या दर्जाची लीग, मग पहिल्या. मग त्याच्या देशाची जर्सी, तिथंही नऊ. मी त्याची एकही मॅच सोडली नाही. त्यानं चुकावं म्हणून बघायचो. वर्ल्ड कपमध्ये त्यानं गोल मारला तेव्हा मी टीव्हीच्या दुकानासमोर उभा होतो. तो गोल मलापण जमला असता, असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं. तो निघून गेला. पुढं मी दोह्यात आलो. गुडघा गेला म्हणून जोसेफ निवृत्त झाल्याची बातमी मी अल मन्सूरातल्या आमच्या चौघांच्या खोलीत फोनवर वाचली. त्या दिवशी मेसमध्ये दोनदा भात घेतला.

दोह्यात मला दादांनीच आणलं. इथं त्यांना ऑफिसमध्ये सर म्हणतात. वर्ल्ड कपला काही महिने राहिले तसा मुऐदरकडं जाणाऱ्या रस्त्यावर जोसेफचा फोटो लागला, इमारतीएवढा. दादांना सोडायला रोज त्याच्याखालून जायचो. प्रचारासाठी तो स्वतः आला तसं दादांनी लगेच जेवायला बोलावलं. आमच्याकडंच घडला म्हणून सगळ्यांना सांगितलं. एअरपोर्टवरून त्याला मीच आणला. त्यानं मला ओळखलं नाही.

आता तो सोफ्यावरून उठून माझ्यासमोर आला. लंगडत होता. हातात काळा मार्कर. सही नेमकी नंबरावर करायला निघाला.

मी जर्सी मागं घेतली. "नॉट ऑन द नंबर."

माझं इंग्रजी ड्रायव्हरचं, पण तेवढ्याला पुरलं. म्हणालो, हा नंबर माझ्या आईनं शिवलाय. तुझ्याआधी नऊ मी होतो. बॉल बॉय नव्हतो. शेपटीतला जोड बोटानं दाखवला.

"काय लावलंयस?" दादा मराठीत म्हणाले, हसू तसंच ठेवून. "खाली जा. ताट पाठवतो."

जोसेफ जोडाकडं बघत राहिला. मग माझ्या तोंडाकडं. आणि मराठीत म्हणाला, "काळ्या, पड."

लोक हसले. त्यांना वाटलं, पाहुण्याला मराठी येतं. दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. जोसेफ हसला नाही. इंग्रजीत त्यानं विचारलं, "तो तूच ना?"

मला कळायचं ते तेव्हा कळलं. वीस वर्षं ज्याच्यावर जळलो त्याच्या डोक्यात माझा एकही गोल नव्हता. होती ती फक्त माझी ती शिवी. मला ज्यांनी अंगणात बसवलं त्यांच्यापुढं मी कधी ब्र काढला नाही. ओरडलो ते ह्याच्यावर, कारण ह्याच्यावर ओरडलेलं त्यांना चालत होतं.

"हो. मीच," मी म्हणालो. "सॉरी."

त्यानं इट्स ओके म्हटलं नाही. मार्करला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवून दिला.

मी जर्सीची घडी केली. दादांच्या हातात दिली नाही, काखेत मारली. टेबलावरून एक ताट उचललं, वाढून घेतलं, आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसून जेवलो. रस्सा शर्टावर सांडला. शेजारच्या बाईंनी खुर्ची जरा सरकवली.

हॉटेलवर सोडताना जोसेफ मागं बसला होता. एवढंच म्हणाला, "रोज जेवायला बोलवायचे. खोली भाड्यानं कुणी दिली नाही. सीझनभर तालमीत फरशीवर झोपलो." मला हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी. उतरताना त्यानं दार हळू लावलं आणि मागं बघितलं नाही.

रविवारी सकाळी दादा गाडीत बसले. एरवी पुढं बसतात, त्या दिवशी मागं बसले.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज टाक, चेष्टा केली म्हणून. खलास."

"चेष्टा न्हवती, दादा."

"तुला हितं आणलं कुणी?"

"तुम्ही. आणि नऊ नंबर उसवला कुणी? तेबी तुम्हीच."

सिग्नलला गाडी थांबली होती. आरशात ते माझ्याकडं बघत होते. मी नजर काढली नाही, सिग्नल सुटेपर्यंत.

नोकरी जाईल. हल्ली इथं कंपनी बदलायला जुन्या मालकाची चिठ्ठी लागत नाही, पण दादांची ओळख सगळीकडं आहे, महिनाभर तरी हाल होतील. होऊ देत. जोसेफचा हेवा मला आजही वाटतो, त्याच्या पोस्टरखालून जाताना जास्तच. ते काही सुटणार नाही. पण तोंडातून त्याच्यासाठी वाईट शब्द पुन्हा निघणार नाही. माफी ज्याची मागायची होती त्याची मागून झाली. दादांची मागणार नाही.

जर्सी माझ्या खोलीत खिळ्याला आहे, नऊ दिसेल अशी. कुणी विचारलं कुणाची, तर माझी म्हणतो. आणि इथून पुढं कुणाच्याही अंगणात मी जेवणार नाही, वारं कितीही चांगलं असलं तरी.