भिंतीपासून वीतभर

"आधी टाच, मग बोटं! डावा गुडगा घरी ठेवून आलास काय रे?"

मंडळी, ही हाक आमच्या कमरेच्या उंचीवरून यायची आणि हाक मारणाऱ्याचं तोंड जमिनीकडे असायचं. हे आमच्या वाडीचे तांडेल. मणक्याचे सांधे एकमेकांत जुळून गेलेले, पाठीची कमान झालेली, मान अशी धरलेली की समोरच्याच्या गुडघ्यावरचं जग बंद. एके काळी बोटीवर हुकूम त्यांचा. समोरचं पाणी दिसेना, तेव्हा बोट सोडली आणि माणसं पायांवरून ओळखू लागले. एकदा मी मुद्दाम बायकोच्या चपला घालून ठुमकत त्यांच्यासमोरून गेलो.

"रावणा, चप्पल फाटंल. बायको मारंल."

शिमग्याच्या नमन-खेळ्यांत मी रावणाचं सोंग घ्यायचो, म्हणून हे नाव. पण उजवा खांदा आखडला आणि तलवार कमरेच्या वर जाईना. रावण लढतोय की डास हाकलतोय, तेच लोकांना कळेना. तांडेलांनी मला धरून व्यायामाच्या वर्गात नेलं.

वर्ग समाजमंदिरात भरायचा. दवाखान्यातली मॅडम अधूनमधून येऊन व्यायाम शिकवून जायची; एरवी हुकूम तांडेलांचा. बसून बसून मासळी विकताना गुडघे गेलेली मावशी, जाळी विणून बोटं वाकडी झालेला भाऊ, मी आणि असेच मोडके-तोडके. कोणी आलं नाही की तांडेल काठी टेकत त्याच्या दारात.

"दुखतंय म्हणून आली नायस? मग तिकडं येऊन दुकव. सोबत तरी हाय."

मावशी शिव्या देत यायची, पण यायची.

स्वतःचा व्यायाम ते शेवटी करत. टाचा भिंतीला, पाठ टेकेल तेवढी भिंतीला, आणि डोकं मागे न्यायचं. ते काही टेकायचं नाही. मधल्या जागेत हात घालून माप घ्यायचं काम माझं.

"किती?"

"चार बोटं, तांडेल!"

"नाटक्या. नीट बग."

"वीत."

"म्हंजे तेवडंच."

एकदा मी विचारलं, एवढा आटापिटा कशाला? पाठ आहे तेवढीच राखायची, सरळ होणार नाही, असं मॅडमने सांगितलंच होतं. त्या दिवशी तांडेलांनी थट्टा केली नाही. त्यांच्या वडलांनाही हेच दुखणं होतं. ते गेले तेव्हा तिरडीवर नीट निजेनात. चौघांनी दाबून सरळ केलं.

"मी बाजूच्या खोलीत होतो. आवाज आला," तांडेल म्हणाले. "मला मोडू नुको रे कोनी. मी आपनच सरळ होतंय."

"तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाणार!" मी रावणाच्या आवाजात गरजलो. ते हसले नाहीत. भिंतीकडे पाठ करून पुन्हा उभे राहिले.

भिंत होती तेवढीच लांब राहिली. छातीचा पिंजराही आखडला, श्वास पुरेना, आणि तांडेल ऐन मासेमारीच्या दिवसांत गेले. जवान पोरं सगळी समुद्रावर.

तिरडी बांधणारा म्हातारा खाली वाकला. "मान दाबा जरा. अंग अजून ऊन हाय."

मावशी चौकटीला धरून उभी होती. "हात लावून तर बग," ती म्हणाली. "कोयती आनतंय."

म्हातारा मागे सरला. मावशी ते तसले गुडघे घेऊन जमिनीवर बसली. तिने गोधडीच्या घडीवर घडी घातली आणि तांडेलांच्या डोक्याखाली सरकवली. मान आहे तशी टेकली. मी सवयीने बाजूला हात धरून पाहिलं. वीत.

खांदा द्यायला आमचा वर्गच उरला होता. मी दांडा डाव्या खांद्यावर घेतला. मागे भाऊ, वाकड्या बोटांनी बांबू कवटाळून. इतकी वर्षं आमचे पाय बघत राहिलेला माणूस आज आमच्या सगळ्यांच्या वर होता आणि मान तशीच वाकलेली, आमच्याकडे वळलेली.

जांभ्याच्या वाटेवर भाऊचा पाय लटपटला. तिरडी हलली, सावरली. आणि मंडळी, तिथून थेट स्मशानापर्यंत आम्ही सगळे आधी टाच टेकवत चाललो.