दोन ठोके म्हणजे चहा

महिन्यातून एकदा टूलबॅग उपडी केली की तळातून स्क्रू, वायरचे तुकडे आणि कुणाकुणाच्या घरी मिळालेली बडीशेप निघते. किस्स्यांचंही तसंच. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण बॅग जड होते!

मी शीला. मी आणि माझा नवरा मिलिंद नाशिकमध्ये पत्र्याच्या छतांवर सोलर बसवतो. आयटीआयला एकाच वर्गात होतो आम्ही. आता तो वर पॅनल लावतो, मी खाली वायरिंग करते आणि दिवसभर घाबरते. घाबरायचं काम फुलटाइम आहे, त्याला रविवार नाही!

*

पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला जिथं टेकतो, तिथंच स्क्रू मारलेले असतात. म्हणून पाय स्क्रूच्या ओळीवरच टाकायचा. आणि उजेडासाठी मध्ये फायबरचा पत्रा घातला असेल, तर त्याच्यावर पाय टाकायचाच नाही, स्क्रू असोत की नसोत. तो माणसाला पेलत नाही, सरळ खाली सोडतो. आमच्या ओळखीतला एक जण असाच गेला. त्याच्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

ही ओळ मिलिंदच्या पायात इतकी भिनलीय की माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात हा पठ्ठ्या फरशीच्या सांध्यासांध्यावरून, एकापुढे एक पाय टाकत स्टेजवर गेला. आत्या माझ्या कानाशी आली. "जावईबापू थोडी घेतात वाटतं?"

"नाही हो आत्या, सोलर बसवतात!"

*

इंदिरानगरच्या एका वहिनींचा फोन आला. "तुमचं सोलर चार दिवसांत ढेपाळलं हो!" गेलो. मिलिंद शिडीवर चढला आणि वरच थांबला.

"काय झालं रे?"

"कुरडया," तो म्हणाला.

सहा पॅनलवर ओळीनं कुरडया वाळत घातलेल्या! वहिनींचं वय पंचावन्न, गुडघे दुखतात, आणि साडी खोचून या बाई पत्र्यावर चढल्या होत्या. म्हटलं, "वहिनी, पडला असतात तर?"

"अगं, घरात सगळ्यात जास्त ऊन इथंच पडतं, असं तूच नाही का सांगितलंस?"

*

ओझरचे एक काका विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. स्टूलवर बसून प्रत्येक पॅनलला लेव्हल लावायचे. "दोन मिलिमीटर वर आहे. विमानात चाललं नसतं."

मिलिंद वैतागून म्हणाला, "काका, हे उडायचं नाहीये!"

झालं. त्याच आठवड्यात दुपारी असं वारं सुटलं की आमच्या खिडक्या थडथडल्या. काकांना फोन लावला. "काका, पॅनल आहेत ना जागेवर?"

वाऱ्यातून काकांचा आवाज आला, "आहेत, आहेत! मी दोरी बांधून धरून बसलोय!"

*

वर-खाली हाका मारून घसा बसतो, म्हणून आमची एक पद्धत आहे. मी लोखंडी खांबावर पाना वाजवते, वर त्याला तो पायालाही जाणवतो. एक ठोका म्हणजे वायर सोड. दोन म्हणजे चहा. तीन म्हणजे असशील तसा खाली ये. चहाचा थर्मास घरून आणतो, तो खाली माझ्या ताब्यात असतो.

सिन्नरला एका वर्कशॉपवर काम चालू होतं, ढग भरून आले, वीज कडाडली. मी तीन ठोके दिले. वरून उत्तर, "दोनच बोल्ट राहिलेत!" परत तीन दिले. "आलो आलो!" आलाच नाही. शेवटी दोन वाजवले. साहेब अर्ध्या मिनिटात खाली! "चहा कुठाय?"

वर्कशॉपचा मालक हसून म्हणाला, "ताई, मानूस मरनाला भेत नाय, पर चहाला जागतो!"

तेव्हापासून मी तीन ठोके बंदच केले. भीती वाटली की दोन. दर वेळी फसतो बिचारा, असं मला वाटायचं.

*

आणि हे मागच्या महिन्यातलं. मखमलाबादकडं एका काकूंचं मसाला कांडपाचं शेड आहे. मिलिंद सकाळीच वर गेला. आधी सेफ्टीची दोरी ताणायची, मग बाकीचं काम. मी आत बोर्ड उघडला. मशीन असं धडधडत होतं की स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. काकू कौतुकानं माझ्या कानात ओरडल्या, "तुम्ही येणार म्हणून काल सगळं छत रंगवून घेतलं! सिल्व्हर! कसं चकाकतंय!"

मी हो हो केलं. मग लक्षात आलं, भर दिवसा ट्यूबलाइट का लावलीय? माप घ्यायला आलो तेव्हा मिरच्यांच्या ढिगावर उन्हाचे दोन मोठे पट्टे पडले होते.

फायबरचे दोन पत्रे. तेही रंगवले होते.

वर बघितलं. मिलिंदच्या पावलापावलाला पत्र्याच्या आतली तांबडी मिरचीपूड झडत होती. झडत झडत ती त्यातल्याच एका काळपट पट्ट्याकडं चालली होती. अगदी स्क्रूच्या ओळीवरून. मी ओरडले. मलाच ऐकू आलं नाही. हातात पाना होता.

दोन ठोके.

पूड झडायची थांबली. मग मागं वळली, आणि पावलापावलानं शिडीकडं गेली.

तो आत आला तेव्हा मी खांबाला धरून खाली बसले होते. नुसतं बोट वर केलं. त्यानं पट्टा बघितला, मिरच्यांचा ढीग बघितला, आणि काकूंना हातानंच मशीन बंद करायला सांगितलं.

एकदम शांत झालं.

"चहा..." मी म्हटलं. सवयीनं, दुसरं काही सुचेना म्हणून. आजूबाजूला थर्मास शोधायला लागले. सापडेना.

मिलिंद माझ्याशेजारी बसला. खांद्यावरची बॅग उतरवली, तिच्यातून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

"सकाळी चुकून माझ्याबरोबरच वर गेला होता," तो म्हणाला. "घे."